क्लाईडच्या उत्तर काठावर



आमच्या व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विचारले, की युनियनच्या माणसाला स्कॉटलंडच्या भूगोलाशी काय करावयाचे आहे? प्रश्न रास्त आहे. आमचे शाळेतले शिक्षण अर्धवटच राहिले. तेवढ्यात जो भूगोल शिकवला गेला तो डोंगर, नद्या आणि पिके यांच्या याद्यांचा. वस्ती कोठे बसते आणि का बसते, हे मात्र पुढे गेटसभा घेत हिंडताना कळू लागले. कारखान्याला पाणी कोठून येते, चाळ भोंग्यापासून किती पावलांवर आहे, माल कोणत्या रस्त्याने बंदरावर जातो, हा भूगोल कामगाराला पायांनी पाठ असतो. तसा भूगोल एखाद्या लहानशा प्रदेशात उघडा पाहावयाचा असेल, तर वेस्ट डन्बार्टनशायरसारखा प्रदेश आमच्या वाचनात दुसरा आला नाही. आम्ही तेथे गेलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. नकाशा आणि पुस्तके एवढीच आमची शिदोरी आहे.

ग्लासगो शहर आपणांस नावाने ठाऊक आहे. त्या शहरातून क्लाईड नदी पश्चिमेकडे समुद्राला जाते. शहराची हद्द संपली की नदीच्या उजव्या, म्हणजे उत्तरेच्या काठावर हा परगणा सुरू होतो. क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस किलोमीटर, लोकसंख्या सुमारे ८८ हजार. स्कॉटलंडात ३२ स्थानिक कौन्सिले आहेत, त्यांत हे आकाराने अगदी लहानांपैकी एक. आजच्या स्वरूपात ते १९९६ साली अस्तित्वात आले. क्लाईडबँक, डम्बार्टन आणि लीव्हनचे खोरे अशा तीन निरनिराळ्या स्वभावांच्या वस्त्या एका कारभाराखाली बांधल्या गेल्या. गंमत अशी, की गावाचे नाव डम्बार्टन, 'म' चे. आणि परगणा डन्बार्टनशायर, 'न' चा. एकाच नावाची ही दोन रूपे सरकारी कागदांत आजही शेजारीशेजारी नांदतात.

जमिनीचा साचा डोळ्यांपुढे आणावयाचा तर असा: उत्तरेला किलपॅट्रिकच्या टेकड्या. त्या लाव्हाच्या दगडाच्या, आपल्या सह्याद्रीसारख्याच काळ्या, मात्र सह्याद्रीहून कितीतरी जुन्या आणि उंचीने बेताच्या. सर्वांत उंच माथा ४०१ मीटर. दक्षिणेला क्लाईड. दोहोंच्या मधे सपाट जमिनीची एक चिंचोळी पट्टी. बोलिंग या गावाजवळ ही पट्टी इतकी अरुंद होते, की आगगाडी, रस्ता, कालवा आणि नदी अंगाला अंग घासून जातात. रोमन लोकांनी इसवी सन १४२ च्या सुमारास उत्तरेकडच्या टोळ्यांना अडविण्यासाठी जो मातीचा तट घातला, त्याचे पश्चिमेचे टोक याच पट्टीत ओल्ड किलपॅट्रिक येथे आहे. आणि १७९० साली स्कॉटलंडचे दोन समुद्र जोडणारा जो कालवा पुरा झाला, त्याचे पश्चिम टोक बोलिंगला. सैन्य असो की व्यापार, वाट याच खिंडीतून.

पट्टीच्या पश्चिम टोकाला लीव्हन नावाची छोटी नदी उत्तरेकडून येऊन क्लाईडला मिळते. ती निघते लॉख लोमंड या विस्तीर्ण तळ्यातून. तळ्याच्या तोंडाशी बॅलॉख आणि संगमावर डम्बार्टन. मधले अंतर पाचसहा मैलांचे. या पाचसहा मैलांनी जगाच्या बाजारात केवढी उलाढाल केली ते पुढे सांगतो.

आधी डम्बार्टनचा खडक. संगमावर एकदम जमिनीतून उसळल्यासारखा उभा आहे. जुन्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला दगड, उंची सुमारे ७३ मीटर. स्कॉट लोक या भागात प्रबळ होण्याच्या आधी येथे ब्रिटन लोकांचे राज्य होते आणि हा खडक म्हणजे त्यांची राजधानी. 'डम्बार्टन' म्हणजे ब्रिटनांचा किल्ला. ८७० साली व्हायकिंगांनी महिनोन्‌महिने वेढा देऊन तो घेतला. १२२२ साली गावाला राजाची सनद मिळाली. म्हणजे पत्रिका मोठी थोर. परंतु या गावाची एक गोष्ट सांगतात, ती आम्हांला राजेलोकांच्या कथांहून अधिक बोधप्रद वाटते. सतराव्या शतकात ग्लासगोच्या व्यापाऱ्यांना मोठ्या गलबतांसाठी बंदर हवे होते; कारण तेव्हा क्लाईड इतकी उथळ, की जहाजे शहरापर्यंत येत नसत. त्यांनी डम्बार्टनकडे जागा मागितली. गावच्या पुढाऱ्यांनी नकार दिला. का? तर परके खलाशी आले म्हणजे लोणी आणि अंडी महागतील! व्यापारी नदीच्या पलीकडे गेले आणि १६६८ पासून तेथे पोर्ट ग्लासगो उभे राहिले. लोण्याच्या भावाची गोष्ट खरी असो वा पलीकडच्या काठाने रचलेली असो, सनदी गावाच्या बंद दरवाजाची ती खूण आहे. पुढे याच गावाला जहाजांनीच पोसले. डेनी यांच्या गोदीने 'कटी सार्क' हे नामांकित शिडाचे जहाज १८६९ साली पुरे केले, कारण ज्यांनी काम घेतले होते त्यांचे दिवाळे निघाले. ब्रह्मदेशातल्या इरावती नदीवर चालणाऱ्या आगबोटीही याच गोदीतून गेल्या. जहाजाचा नमुना पाण्याच्या लांब हौदातून ओढून त्याची चाल आधीच मापण्याची सोय डेनींनी १८८३ साली केली. खासगी गोदीने बांधलेला जगातला तो पहिला हौद. गोदी १९६३ साली बुडाली. हौद शिल्लक आहे, संग्रहालय म्हणून.

आता लीव्हनचे खोरे. बॅलॉख, जेम्सटाउन, बॉनहिल, अलेक्झांड्रिया, रेंटन अशी गावे नदीच्या दोन्ही बाजूंना माळेसारखी आहेत. या गावांची नावेच पाहा. रेंटन वसवले १७८२ साली जमीनदार स्मॉलेट घराण्यातील एका बाईने आणि नाव दिले सुनेच्या माहेरचे. अलेक्झांड्रिया हे नाव त्याच घराण्यातल्या अलेक्झांडरचे. जमीन ज्याची, नाव त्याचे. घाम कोणाचा, याचा नावात पत्ता नाही. हे घराणे कादंबरीकार टोबायस स्मॉलेट याचे. त्याचा जन्म १७२१ साली येथलाच, आणि रेंटनला त्याचा उंच स्तंभ आहे.

तळ्यातून येणारे लीव्हनचे पाणी मऊ आणि स्वच्छ. कापड धुण्यासाठी आणि रंगविण्यासाठी असे पाणी सोन्याच्या मोलाचे. अठराव्या शतकाच्या आरंभापासून येथे कापड शुभ्र करण्याची कुरणे होती. एकोणिसाव्या शतकात त्यांची जागा 'टर्की रेड' नावाच्या पक्क्या लाल रंगाच्या कारखान्यांनी घेतली. हा रंग म्हणजे एक तपश्चर्याच. सुती कापड खवट झालेल्या ऑलिव्हच्या तेलात भिजवावयाचे, शेणाच्या पाण्यातून काढावयाचे, तुरटी द्यावयाची, मग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीच्या काढ्यात बैलाचे रक्त घालून उकळावयाचे, पुन्हा साबणाच्या पाण्यात उकळून रंग उजळावयाचा. जुन्या रीतीने या साऱ्याला कित्येक आठवडे लागत. रंग असा चढे, की उन्हाने उडत नसे, धुण्याने जात नसे. या कामावर बायका आणि मुली फार मोठ्या संख्येने होत्या. पुष्कळजणी उत्तरेच्या डोंगराळ मुलखातून आणि आयर्लंडातून पोटासाठी आलेल्या.

आणि हे कापड जात होते कोठे? हिंदुस्थानात. मुंबई आणि कलकत्ता या बंदरांवर लीव्हनच्या लाल कापडाच्या गाठी उतरत. गाठीवर चिकटवण्यासाठी रंगीत छापील चिठ्ठ्या असत. त्यांवर आपले देव, हत्ती, मोर. ज्या मुलीने आयुष्यात हत्ती पाहिला नाही तिने रंगवलेल्या कापडावर गणपतीची चिठ्ठी लागावयाची आणि ते आमच्याकडच्या बाजारात विकले जावयाचे.

येथे थोडे थांबले पाहिजे. आमच्याकडेही पक्का लाल रंग होता. आलाच्या मुळांपासून तो काढीत. खानदेश-वऱ्हाडात त्या झाडाची लागवड होत असे. रंगाऱ्यांची घरेच्या घरे त्यावर जगत. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतले रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले आणि काही वर्षांत मुळीचा व्यापार सर्व जगात बसला. लीव्हनच्या कारखान्यांनी कृत्रिम रंग उचलला, कापड स्वस्त झाले, आणि आमच्या रंगाऱ्याची भट्टी विझली. पुढे काटा उलटा फिरला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानी माल, जकाती आणि स्वदेशीची चळवळ या सर्वांनी मिळून लीव्हनची गिऱ्हाइकी तोडली. कारखान्यांनी १८९८ साली एकत्र येऊन 'युनायटेड टर्की रेड' ही एक कंपनी केली होती. ती आकसत आकसत १९६० च्या सुमारास संपली. स्वदेशीचे आम्हांला दुःख नाही. ती व्हावयासच हवी होती. परंतु खोऱ्यातली जी रंगारीण बेकार झाली तिने आमच्या रंगाऱ्याला लुटले नव्हते, आणि ज्यांनी लुटले ते बेकार झाले नाहीत. पुस्तकांत हा व्यापार 'ब्रिटन' आणि 'हिंदुस्थान' अशा दोन नावांमध्ये चाललेला दिसतो. त्या दोन नावांच्या पोटात किती निरनिराळी माणसे होती, हे हिशेबाच्या वहीत येत नाही.

त्या बायका मुक्या होत्या असे मात्र समजू नका. १९११ च्या अखेरीस खोऱ्यातल्या रंगकामगारांनी संप केला, त्यात त्या आघाडीवर होत्या. १९३० नंतरच्या बेकारीत येथून कम्युनिस्ट सभासद स्थानिक कौन्सिलात निवडून गेले आणि या खोऱ्याचा उल्लेख 'छोटे मॉस्को' असा होऊ लागला. फुटबॉलच्या शौकिनांसाठी एक भर घालतो: १८८८ साली रेंटनच्या संघाने स्कॉटिश चषक जिंकला आणि मग इंग्लंडच्या चषकविजेत्या वेस्ट ब्रॉमविच संघालाही हरवून स्वतःला 'जगज्जेते' म्हणून जाहीर केले. कारखान्यांच्या सावलीतले खेडेगाव ते! त्या वेळी जग फुटबॉल फारसे खेळत नव्हते ही गोष्ट वेगळी.

अलेक्झांड्रियातील एका इमारतीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९०६ साली अर्गाईल नावाच्या मोटार कंपनीने तेथे कारखाना बांधला. दर्शनी भाग राजवाड्यासारखा, घुमट काय, संगमरवरी जिना काय! दोनच वर्षांत कंपनी अडचणीत आली, १९१४ साली तर पुरतीच बुडाली. पुढे त्या वास्तूत आरमाराचे पाणतीर झाले, आणि हल्लीच्या काळात दुकाने आली. जिना मात्र मजबूत निघाला.

आता पूर्वेकडे, ग्लासगोच्या कुशीत, क्लाईडबँकला येऊ. या शहराला ना सनद, ना खडक, ना संताची कथा. १८७१ पूर्वी येथे शेते होती. त्या वर्षी थॉमसन बंधूंनी आपली गोदी ग्लासगोहून या शेतांवर हलवली. जागेची निवड भूगोल जाणणाऱ्याची. क्लाईडचे पात्र मोठ्या जहाजाला अपुरे. पाण्यात घसरलेले जहाज समोरच्या काठावर आदळावयाचे. परंतु येथे नेमकी समोरून कार्ट नावाची उपनदी येऊन मिळते. जहाज तिरपे सोडले की उपनदीच्या मुखाची जास्तीची रुंदी मिळते. एवढ्या एका गोष्टीमुळे जगातली सर्वांत मोठी जहाजे या अरुंद नदीवर जन्मली: १९०६ साली 'लुसिटानिया', १९३४ साली 'क्वीन मेरी', १९३८ साली 'क्वीन एलिझाबेथ'. गोदीचे नाव 'क्लाईडबँक', म्हणजे क्लाईडचा काठ. आणि गाव वाढल्यावर गावाला गोदीचेच नाव मिळाले. १८९९ पासून गोदी जॉन ब्राउन कंपनीची झाली.

दुसरा आधार सिंगरचा. होय, तेच शिवणयंत्र, जे आपल्या आजीच्या घरात किंवा गल्लीतल्या शिंप्याच्या ओट्यावर होते. सिंगरने १८८० नंतरच्या दशकात येथे जो कारखाना घातला तो जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांपैकी एक. त्याच्या मनोऱ्यावर चारही दिशांना तोंड असलेले अवाढव्य घड्याळ होते. वेळ सगळ्या गावाची, घड्याळ मालकाचे.

१९११ च्या मार्चमध्ये या कारखान्यात लाकडी पेट्यांना पॉलिश करणाऱ्या खात्यात बायकांची संख्या कमी करून उरलेल्या बाराजणींवर सगळे काम टाकले गेले, आणि मजुरीही घटली. बाराजणी बाहेर पडल्या. त्यांच्यामागून थोड्याच दिवसांत सुमारे अकरा हजार कामगार बाहेर आले. बारांसाठी अकरा हजार! कंपनीने संघटनेशी बोलणी करण्याऐवजी प्रत्येक कामगाराच्या घरी एकेक पोस्टकार्ड पाठवले, की कामावर येण्यास तयार असाल तर सही करून परत पाठवा. सभेत हात वर करणारा माणूस आणि घरी चुलीपुढे मालकाच्या कार्डावर एकट्याने सही करणारा माणूस, ही माणसे दोन असतात. ज्यांनी कधी संप चालवला आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको. बहुमत परत जाण्याच्या बाजूचे निघाले असे कंपनीने जाहीर केले, तीन आठवड्यांत संप संपला, आणि पुढे सुमारे चारशे कार्यकर्त्यांना काढून टाकण्यात आले.

१९३१ च्या डिसेंबरात 'क्वीन मेरी' चे काम पैशाअभावी थांबले आणि हजारो माणसे एकाएकी घरी बसली. अर्धवट सांगाडा गावाच्या उरावर सव्वादोन वर्षे उभा होता. येथले खासदार डेव्हिड कर्कवुड, स्वतः यंत्रकामगार, पार्लमेंटात यासाठी सारखे भांडत राहिले. १९३४ च्या एप्रिलमध्ये सरकारी कर्जाने काम पुन्हा सुरू झाले.

आणि मग १३ आणि १४ मार्च १९४१ च्या रात्री. जर्मन विमानांनी दोन रात्री बॉम्ब टाकले. शहरातली ५२८ माणसे मेली. सुमारे बारा हजार घरांपैकी सात-आठच घरे धडधाकट उरली. सुमारे ३५ हजार लोक बेघर झाले. गोदीचे आणि कारखान्याचे नुकसान त्या मानाने लवकर भरून निघाले. कामगार आसपासच्या गावांतून रोज प्रवास करून कामावर येऊ लागले. यंत्र दुरुस्त व्हावयास काही आठवडे पुरतात. घरे बांधावयास पुढची दहापंधरा वर्षे लागली. टेकडीच्या उतारावर फेफली नावाची जी वसाहत आहे ती या घरबांधणीतली. तिच्या शेजारी एक विस्तीर्ण खडक आहे, त्यावर सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी वाट्या आणि वर्तुळे कोरली आहेत. लोक त्यावर चालतात, नावे खोदतात, म्हणून १९६५ साली तो मातीखाली पुरून टाकला. २०१६ साली उकरला, यंत्रांनी त्याची सूक्ष्म नोंद घेतली आणि पुन्हा पुरला. हे पुरातत्त्व आम्हांला नवेच वाटले.

आता ज्या प्रकरणामुळे आम्ही या परगण्याच्या नादी लागलो ते सांगतो. १९६८ साली क्लाईडवरच्या पाच गोद्या एकत्र करून एक कंपनी केली. १९७१ च्या जूनमध्ये तिचा पैसा संपला. हीथ यांच्या सरकारने मदत नाकारली. सुमारे साडेआठ हजार कामगारांचा प्रश्न. कामगारांनी काय करावे? संप? मालकालाच गोदी बंद करावयाची आहे. तुम्ही संप केलात तर तो टाळे लावून किल्ली खिशात टाकील. जिमी रीड, जिमी एअर्ली आणि त्यांच्या साथीदारांनी याच्या उलट केले. त्यांनी काम चालू ठेवले. ज्यांना काढून टाकल्याच्या नोटिसा मिळाल्या तेही दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर हजर. त्यांचा पगार कामगारांच्या वर्गणीतून. दरवाजावर कामगारांचे प्रतिनिधी. रीड यांनी पहिल्याच सभेत बजावले, की मोडतोड होणार नाही, गुंडगिरी होणार नाही, दारू चालणार नाही, कारण सगळे जग पाहत आहे. ग्लासगोत ऐंशी हजारांचा मोर्चा निघाला. जॉन लेनन या गायकाने पाच हजार पौंड पाठवले. १९७२ च्या फेब्रुवारीत सरकार नमले आणि साडेतीन कोटी पौंड काढले.

क्लाईडबँकची गोदी टेक्सासच्या मॅरेथॉन कंपनीने समुद्रातल्या तेलासाठी लागणारे मचाण बांधण्याकरता घेतली. पुढे ती फ्रेंचांकडे गेली. २००१ साली बंद झाली. तेव्हा टीकाकार म्हणतात, तीस वर्षांनी बंदच झाली ना? मग काय मिळवले? आम्ही म्हणतो, तीस वर्षे मिळवली. तीस वर्षांत पोरांची शिक्षणे होतात, लग्ने होतात, म्हातारा सुखाने पेन्शनीत जातो. मुंबईत १९८२ च्या संपानंतर ज्यांना तीस महिनेही मिळाले नाहीत त्यांना विचारा.

सिंगर मात्र १९८० साली गेली. कारखाना पाडला, घड्याळाचा मनोरा तर १९६३ सालीच पाडला होता. आगगाडीच्या स्टेशनाचे नाव आजही 'सिंगर' च आहे. गोदीच्या जागी १९०७ सालची प्रचंड यारी तेवढी राखली आहे. भोवती कॉलेज, घरे. २०२० पासून क्लाईडच्याच पाण्यातली ऊब यंत्राने काढून त्या इमारती तापवतात, आणि ही योजना कौन्सिलच्या मालकीची आहे.

एक गोष्ट राहिली. क्लाईडबँकमध्ये १९३८ ते १९७० ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांचा कारखाना होता, आणि गोद्यांतही नळांना ॲस्बेस्टॉसच गुंडाळत. ही धूळ फुफ्फुसात गेली की रोग तीस-चाळीस वर्षांनी उठतो. म्हणजे कारखाना गेला, मालक गेला, आणि रोगी मागाहून आले. धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकाही त्यांत आहेत. १९९२ साली गावकऱ्यांनी यासाठी आपली संस्था काढली. फुफ्फुसाच्या आवरणावर पडणारे चट्टे ही भरपाईची बाब नव्हे, असा निकाल २००७ साली लंडनच्या लॉर्डांच्या सभागृहाने दिला. २००९ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा करून ती भरपाई पुन्हा मिळवून दिली. विमा कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०११ साली हरल्या. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसला १९९९ पासून बंदी आहे. आपल्याकडे सरसकट बंदी नाही. आपल्या गावातल्या किती छपरांवर ते पत्रे आहेत, हे घरी जाताना मान वर करून पाहावे.

अध्यक्षांनी घंटी वाजवली आहे. नकाशा टेबलावर पसरून ठेवला आहे. ज्यांना लीव्हन आणि क्लाईडचा संगम पाहावयाचा असेल त्यांनी जवळ यावे.